दीड इंच आखूड बाण

बाण सरळ जात नाही, हे मला बाबांनी दाखवलं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता आणि त्यावर एक अगदी संथ केलेला व्हिडिओ चालू होता. दोरी सुटते, आणि बाण निघण्याआधी वाकतो. धनुष्याच्या कडेनं मासोळीसारखं अंग वळवत जातो, पलीकडे गेल्यावर उलटा वाकतो, मग पुन्हा इकडे, आणि बऱ्याच अंतरानंतर शांत होतो. बाबांनी तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. हातातला घास हातातच.

"बघ, दोरी मागून ढकलते, पण मध्ये धनुष्य आडवं आहे. वळसा घालूनच जावं लागतं. वाकलाच नाही तर धडकेल. फार वाकला तर भरकटेल."

"आधी जेवा," आई म्हणाली. "बाण कुठं पळून जात नाही."

"पळूनच तर जातो," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

आमच्या घरात जेवताना असं हसणं नवीन होतं. बाबा बँकेत आहेत. धुळ्याहून बदली होऊन सुरतेत आले तेव्हा मी दुसरीत होते. मला इंग्रजी शाळेत घालण्याचा हट्ट त्यांचाच, आणि त्या हट्टाची किंमत अशी झाली की माझ्या अभ्यासातलं त्यांना हळूहळू काही विचारता येईना. मलाही सांगता येईना. मी तशीही कमी बोलणारी. पुढं मी रिंग रोडवरच्या एका साड्यांच्या कंपनीत डिझाइनच्या फाइली साफ करायच्या कामाला लागले. तोवर आमचं बोलणं "निघालीस?" "हो." आणि "आलीस?" "हो." एवढ्यावर आलं होतं. भांडण कधीच नव्हतं. भांडायलाही काहीतरी विषय लागतो.

धनुर्विद्येचा वर्ग मी अठवालाइन्सकडच्या एका मैदानावर लावला. कारण सांगायला लाज वाटते. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. रेषेवर उभं राहायचं, समोर बघायचं, शिट्टी झाली की जाऊन आपापले बाण काढून आणायचे. सर गुजराती, मोजकं बोलणारे. मला वाटलं होतं, महिन्याभरात सोडून देईन. सोडलं नाही. मैदानाच्या डब्यातले बाण लांबलचक, जाडे, सगळ्यांच्या हातून वापरून झालेले. कुणाचेही नव्हते म्हणून कुणालाही चालायचे. त्यातला एकही मला नीट लागू पडत नव्हता, पण शिकताना ते कळत नाही. लागला तर आपण चांगले, चुकला तर आपण वाईट, एवढंच वाटतं.

मग मी स्वतःचं धनुष्य घेतलं, आणि सर म्हणाले, आता बाणही स्वतःचे हवेत. ते मी घरी सहज बोलून गेले. बाबांनी पेपर खाली ठेवला.

त्या दिवसापासून बाण हा त्यांचा विषय झाला. बँकेतून येताना ते गाडीवर विचार करत यायचे आणि बूट काढायच्या आत सुरुवात करायचे. बाणाचा ताठपणा कसा मोजतात हे त्यांनीच मला समजावलं. बाणाची काडी दोन टेकूंवर ठेवायची, मध्ये ठरावीक वजन टांगायचं, किती झुकते ते बघायचं. जितकी झुकेल तितका आकडा मोठा. "म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ," ते म्हणाले. "आमच्या थकबाकीसारखं. आकडा वाढला की समजायचं, कणा गेला." कोणत्या धनुष्याला कोणता बाण ते सांगणारा तक्ता इंग्रजीत होता. एखादा शब्द अडला की ते फोन माझ्यापुढे धरायचे, आणि मी अर्थ सांगितला की "अस्सं" म्हणून मान हलवायचे. इतक्या वर्षांनी माझ्या इंग्रजीचा त्यांना उपयोग होत होता आणि त्यांच्या हिशेबीपणाचा मला. जेवण लांबायला लागलं. आई ताटं उचलून घेऊन जायची तरी आम्ही बसलेले.

तक्ता वाचायला दोन गोष्टी लागतात. धनुष्य ओढायला किती जोर लागतो, आणि ओढणारा ते किती मागे ओढतो. पहिली दुसरीवरच अवलंबून असते. जितकं मागे ओढाल तितकं धनुष्य जड होतं, इंचाला साधारण दोन पौंड. म्हणून सगळं येऊन थांबतं ते एका मापावर. बाबांनी आधी मला भिंतीशी उभं करून, दोन्ही हात पसरायला लावून, बोटापासून बोटापर्यंत टेप लावली. त्याला अडीचनं भागलं. सव्वीस इंच आले.

"हे अंदाजे," ते म्हणाले. "खरं माप धनुष्य ओढून. रविवारी खाली पार्किंगमध्ये घेऊ."

आमची सोसायटी दिंडोलीत, नवागामच्या बाजूला. रविवारी सकाळी पार्किंग म्हणजे बाजार असतो. एक जण पाइप लावून गाडी धूत होता. त्याच्याशी गप्पा मारत दुसरा एक उभा होता. सोसायटीचे चेअरमन दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. तळमजल्यावरच्या खानदेशी काकू दारात बसून मेथी निवडत होत्या. मी धनुष्य घेऊन दिसल्याबरोबर त्या म्हणाल्या, "काय वं माय, कोनले मारी ऱ्हायनी सकाय सकाय?" गाडी धुणारे दोघंही वळून बघायला लागले.

मैदानावरचा एक लांब बाण मी मागून आणला होता. तो लावून पूर्ण ओढायचं आणि धनुष्यापाशी तो जिथं येईल तिथं बाबांनी पेननं खूण करायची, एवढंच काम. धनुष्य पूर्ण ओढताना खांद्याची हाडं पाठीमागे एकमेकांकडे येतात आणि छाती आपोआप पुढे येते. त्याला इलाज नाही, ओढणं म्हणजे तेच. मी टी-शर्टमध्ये होते. निम्मं ओढून झालं होतं तेव्हा बाबा, पेन हातात धरून, जमिनीकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाले, "ओढणी तरी घ्यायची होतीस."

धनुष्याच्या दोरीत ओढणी अडकते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दोन दिवस आधी त्यांनीच मला सैल बाह्यांबद्दल सांगितलं होतं. ते विचार करून बोललेलं वाक्य नव्हतं. शिंक यावी तसं आलं. आणि खरं सांगायचं तर तोच विचार त्यांच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता. मला राग आला नाही. चोरी पकडल्यासारखं मात्र झालं. मी खांदे गोल केले, दोरी हनुवटीखाली आणायची ती नाकाच्या थोडी पुढेच थांबवली आणि म्हणाले, "करा खूण."

त्यांनी खूण केली. वर येऊन टेप लावली. पंचवीस इंच.

"गणित सव्वीस म्हणतंय," ते म्हणाले. टेप पुन्हा लावून बघितली. "पूर्ण ओढलं होतंस ना?"

"हो."

"मग पंचवीसच. गणितापेक्षा प्रत्यक्ष खरं."

माझ्या एका "हो"वर त्यांनी स्वतःचं गणित खोडलं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसानं. तिथं मी थांबवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की नाही, संध्याकाळी घरातच पुन्हा घेऊ. पण मग का, असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर मला त्यांच्या तोंडावर देता आलं नसतं. मी पाणी प्यायला आत गेले.

पुढचं सगळं त्या पंचवीसवर उभं राहिलं. माप कमी, म्हणून जोर कमी, म्हणून मऊ बाण; हजारचा आकडा निवडला. मऊ असूनही फार हलका नको, कारण हलका बाण वेगानं जातो पण हातातली बारीकशी चूकही मोठी करून दाखवतो. फार जडही नको, कारण तो लांबवर जाता जाता खाली बसतो. टोकाचं वजनही त्यांनी विचार करून ठरवलं. टोक जड केलं की बाण सुटताना जास्त वाकतो, हलकं केलं की कमी. हे सगळं ते मला विचारून ठरवायचे. "तुझं काय मत?" असं विचारायचे. मला आयुष्यात त्यांनी इतक्या वेळा माझं मत विचारलं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी मी जे मत देत होते त्याच्या मुळाशी माझंच खोटं माप होतं.

बाणांच्या कार्बनच्या काड्या आल्या. बाबांनी त्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याच्या दुकानात नेल्या, कारण करवतीनं कापल्या तर कार्बनचे तंतू फाटतात. फिरत्या चकतीनंच कापाव्या लागतात. कापण्याच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळायची, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. खुणेच्या पुढे एक इंच सोडून त्यांनी एकेक काडी कापून घेतली. घरी येऊन टोकं बसवली ती स्वयंपाकघरात. टोक चिमट्यात धरून गॅसवर धरायचं, त्यावर गोंदाची कांडी वितळवायची आणि गरम असतानाच काडीत सरकवायचं.

"पोळ्यांचा गॅस आहे तो," आई म्हणाली. "लोहाराची भट्टी नाही."

"एवढं एकच टोक."

"एवढं एकच म्हणून सकाळपासून पाच झाली. कुकर कशावर लावू, तुमच्या डोक्यावर?"

"लाव. तेवढं गरम आहेच."

मी दारात उभी राहून हसत होते, आणि कापलेल्या काड्यांकडे बघायचं टाळत होते.

सगळ्या बाणांचं वजन सारखं हवं. नाहीतर तोच हात, तोच नेम, आणि एक वर एक खाली. किराणा दुकानाचा काटा त्याला चालत नाही. बाबांच्या शाखेतले एक खातेदार कतारगामला हिऱ्यांचं कारखानावजा दुकान चालवतात. एका शनिवारी बाबा मला घेऊन तिथं गेले. हिऱ्यांचा काटा काचेच्या पेटीत असतो, श्वासानंही आकडा हलतो म्हणून. बाण पेटीत मावेना. मग पेटीचं झाकण उघडं ठेवून, पंखा बंद करून, बाण छोट्या वाटीवर आडवा तोलून ठेवला. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसलेल्या कारागिरांनीही काम थांबवलं. कुणी हलेना. काट्यावर चौऱ्याऐंशी कॅरेट आणि वर काहीतरी आलं.

मालक बाबांना म्हणाले, "काका, आटलो मोटो हीरो तो में कोई दाडो नथी तोल्यो." एवढा मोठा हिरा आपण कधी तोललाच नाही. सगळे हसले. बाबांनी खिशातून बारीक पॉलिश कागद काढला. जो बाण किंचित जड भरेल त्याच्या टोकामागे उरलेला गोंद ते घासायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा श्वास धरायचे. शेवटी बारा बाण एकाच आकड्याच्या अवतीभोवती आले. परत येताना गाडीवर ते म्हणाले, "कंपनीचेसुद्धा इतके सारखे नसतात." मी मागे बसले होते. मांडीवर बाणांची नळी घट्ट धरलेली. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, हे बरं होतं.

पहिल्या रविवारी मैदानावर मी तो बाण लावला आणि रोजच्या सवयीनं पूर्ण ओढला. मैदानावर मी कायम पूर्णच ओढायचे. तिथं सगळेच छाती पुढे काढून उभे असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. टोक धनुष्याच्या आत आलं, बाण जिच्यावर टेकतो त्या टेकणीवरून घसरलं आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटावर पडलं. दोरी सोडली असती तर बाण हातातूनच गेला असता. मी हळूहळू दोरी परत नेली. कुणी पाहिलं नाही असं वाटून मी पुन्हा बाण लावला आणि या वेळी पार्किंगमध्ये ओढला होता तितकाच ओढला. नाकाच्या पुढे. खांदे गोल.

बाण गेला तो सरळ जाऊन बसला. दुसराही त्याच्याजवळ.

हेच वाईट झालं. ते बाण त्या आखडलेल्या मुलीला अगदी तंतोतंत लागू होते. बाबांनी बिनपिसांचा एक बाण मुद्दाम वेगळा ठेवला होता. पिसं बाणाच्या चुका झाकतात. पिसं नसली की बाण आपलं खरं सांगतो. मऊ असेल तर माझ्यासारख्या उजव्या हाताच्या माणसाचा उजवीकडे जातो, ताठ असेल तर डावीकडे. तो मी तसंच आखडून सोडला, आणि तो पिसांच्या बाणांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मी फोटो काढून बाबांना पाठवला. बँकेच्या कामाला ते रविवारीही गेले होते. तिथून उत्तर आलं नाही, सरळ फोनच आला. "मधोमध? नक्की बिनपिसांचाच ना तो?" मागून कुणाला तरी सांगत होते, माझ्या मुलीचा बाण. संध्याकाळी आईनं आत्याला फोनवर सांगितलं की हे आता बाण बनवायला लागलेत, बँक सुटली तरी काळजी नाही.

मग मी आखडून ओढायला शिकले. दुसरं कोणी मुद्दाम असं करत असेल असं वाटत नाही. आठवड्यातून तीनदा, मी जे नीट येत होतं ते नीट न करण्याचा सराव करत होते. पाठीचा जोर लागेना, तो सगळा दंडावर आला. कोपर दुखायला लागलं. हात थरथरायचा. बाण पहिल्यासारखे एकत्र बसेनात. सरांनी काही दिवस नुसतं पाहिलं. मग जवळ आले.

"बेटा, पूरुं खेंच ने. पहेलां तो खेंचती हती."

आधी ओढत होतीसच की. मी म्हणाले, असंच बरं वाटतं. त्यांनी माझ्या हातातून एक बाण घेतला, टोकापाशी बोट ठेवलं, माझ्या हाताच्या लांबीकडे बघितलं.

"आ कोणे माप्युं?"

"बाबांनी," मी म्हणाले. आणि त्या क्षणी मला कळलं की मी बाबांचं नाव पुढे केलंय. मी पूर्ण ओढलं नव्हतं, हे मी म्हणू शकले असते. सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाबांसाठी होतं. घरी बसून व्हिडिओ बघणाऱ्या वडिलांबद्दल शिकवणाऱ्यांना जे वाटतं ते. मी ते येऊ दिलं.

सर म्हणाले, हे बाण घेऊन पुन्हा रेषेवर उभं राहायचं नाही. एखाद्या दिवशी विसरून पूर्ण ओढशील आणि हात फोडून घेशील. नवीन बाण आण, नाहीतर मैदानातल्या डब्यातले वापर. पुढच्या महिन्यात मैदानावरच आपापसात छोटी स्पर्धा होती आणि बाबांनी तिच्यासाठी रजा टाकली होती. डब्यातले बाण घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहू शकत नव्हते. म्हणजे सांगायला लागणार होतं. कापलेली काडी काही केल्या वाढत नाही.

घरी येऊन मी जे सांगितलं ते असं: "बाबा, माझा हात वाढला वाटतं."

तेविसाव्या वर्षी. बाबांनी चष्मा वर केला. आई म्हणाली, "जीभ वाढली असती तर बरं झालं असतं, चार शब्द तरी बोलली असती."

बाबांनी मात्र ते गंभीरपणे घेतलं. आधी त्यांचा चेहरा पडला, मग ते लगेच उपाय शोधू लागले. बाण मऊ पडत असतील तर टोक हलकं करू, तेवढा ताठपणा येईल. मी म्हणाले, लांबीच कमी पडतेय, टोक आत येतं. किती आत? बरंच. ते टेप घेऊन आले. मला भिंतीशी उभं केलं, हात पसरायला लावले. एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत. तोच आकडा. त्यांनी पुन्हा लावली टेप. तोच.

टेप गुंडाळता गुंडाळता ते सोफ्यावर बसले. आई आत गेली होती. मी हात खाली करायचं विसरून भिंतीशी तशीच उभी होते.

"त्या दिवशी खाली," ते म्हणाले, "मी ओढणीचं काहीतरी बोललो होतो."

"नाही," मी म्हणाले.

"बोललो होतो."

"मला नाही आठवत बाबा."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना वाचवत होते की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी "हो, बोलला होतात" म्हणाले असते, तर त्यांना निदान चूक झाली म्हणता आलं असतं. मी "नाही" म्हणून तेही काढून घेतलं. त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं, आणि मधे माझा तो "नाही" बसला होता.

"रविवारी पुन्हा माप घे," ते म्हणाले. "आई येईल खूण करायला. मी वर गॅलरीत थांबतो."

माझ्या तोंडावर आलं होतं, की नको, तुम्हीच या. दोन शब्दांचं काम होतं. मी "बरं" म्हणाले.

रविवारी आई पेन घेऊन खाली आली, कानावर पेन ठेवून, शिंप्यासारखी. काकू तिथंच होत्या, गाडी धुणाराही होता, फक्त बाबा नव्हते. मी तोच टी-शर्ट घातला होता. ओढायला सुरुवात केली तेव्हा काकू काहीतरी बोलल्या, आई त्यांना काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही. खांदे मागे गेले, दोरी हनुवटीखाली आली, नाकाला चिकटली. आणि मग आणखी थोडी मागे गेली, मैदानावरही जात नसे तितकी. काही अडत नव्हतं.

"झालं का गं?" आई म्हणाली. "मला कळत नाही यातलं. इथं करू?"

"तिथंच."

आईनं टेप लावली. साडेसव्वीस. बाबांच्या मूळ गणितापेक्षाही अर्धा इंच पुढे.

वरून बाबांचा आवाज आला, "किती?" ते गॅलरीच्या कठड्यापासून मागे उभे होते. नुसता आवाज येत होता.

खाली उभं राहून मी तो आकडा बदलू शकत होते. सव्वीस म्हणाले असते तर त्यांचं गणित बरोबर ठरलं असतं, सगळ्यांचीच सुटका झाली असती, आणि बाण पुन्हा चुकीचे आले असते. साडेसव्वीस म्हणजे त्यांच्या असण्यानं आणि नसण्यानं माझ्या अंगात पडणारा फरक, इंचांत. ते हिशेबाचे माणूस. त्यांना तो लागणारच होता. मी सोसायटीत कधी कुणाला हाक मारलेली नाही. वर बघून ओरडले, "साडेसव्वीस!"

गाडी धुणाऱ्यानं पाइप बाजूला केला. मग बाबा म्हणाले, "बरं," आणि आत गेल्याचा चपलांचा आवाज आला.

नवे बाण त्यांनीच केले. नऊशेचा आकडा निवडला, टोकाचं वजन नव्यानं ठरवलं. पुन्हा गॅस, पुन्हा आईची बोलणी, पुन्हा कतारगाम. फक्त "तुझं काय मत" हे त्यांनी या खेपेला एकदाच विचारलं. कापताना त्यांनी एक इंचाऐवजी दोन इंच सोडले. मी म्हणाले, लांब ठेवले तर थोडे मऊ पडतील. "पडू दे," ते म्हणाले. "कापायला केव्हाही येतं."

स्पर्धेच्या दिवशी ते रजा घेऊन आले. मैदानाच्या कडेला बसायला बुटकी भिंत आहे, सगळे पालक तिच्यावर मैदानाकडे तोंड करून बसले होते. बाबा त्याच भिंतीवर बसले, पण पाय रस्त्याच्या बाजूला सोडून. मला वाटलं, ऊन डोळ्यावर येत असेल. ऊन त्यांच्या तोंडावरच होतं. बाण काढून परत येताना मी त्यांच्या मागून गेले तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "पाचवा चांगला बसला ना? आवाज भरीव होता."

"हो."

"चौथा?"

"कडेला गेला."

"वाटलंच."

ते खरंच ऐकत होते. प्रत्येक बाणाचा आवाज. जे त्यांनी बनवलं ते सुटताना बघायची सोय त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती, आणि त्याबद्दल मला एका शब्दानंही ऐकवलं नव्हतं. इकडं तोंड करून बसा, असं मी म्हणणार होते. उभीही राहिले होते त्यासाठी. एक सांगायला हवं. त्या वेळी माझ्या मनात जे होतं ते दुःख नव्हतं. मला हलकं वाटत होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून माझे खांदे मागे जात होते, आणि मला ते तसंच हवं होतं.

पुढच्या फेरीची शिट्टी झाली. मी रेषेवर परत गेले, बाण लावला आणि पूर्ण ओढला.